ताटात एवढंसं, बिलात एवढालं

ह्या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला (गठ्ठा कसला, इमेलच सगळे, पण जुनी सवय) तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे. भारीतल्या रेस्टॉरंटमध्ये जायचंय, कुणाची ॲनिव्हर्सरी आहे, कुणाचं प्रमोशन झालंय, पैसे साठवलेत पण धास्ती वाटतेय. म्हणून बाकीचे प्रश्न, म्हणजे ते इडलीचं पीठ न फुगण्याचे आणि फ्रीजमध्ये कोथिंबीर काळी पडण्याचे, पुढच्या महिन्यावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझ्या आईबाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात 45 वर्षं होतायत. बाबा गिरणीत साचे म्हणजे माग चालवायचे, 82च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, मग वॉचमन, मग एका प्रेसमध्ये पॅकिंग असं करत आम्हाला शिकवलं. आई घरातच खानावळ चालवायची, दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने माणसं जेवून जायची. आता आम्ही डोंबिवलीला असतो, माझं बरं चाललंय. त्यांना एकदा त्या दहा-दहा कोर्सच्या टेस्टिंग मेनूला न्यायचं माझ्या मनात आहे, आणि तेही गिरणीच्याच कंपाउंडमध्ये, सरप्राइज म्हणून. बायको म्हणते बाबांना वाईट वाटेल. शिवाय बाबांना डायबेटिस, आई गुरुवारी नॉनव्हेज खात नाही आणि ॲनिव्हर्सरी नेमकी गुरुवारी. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच अशा ठिकाणची भीती वाटते, कुठला काटा कधी उचलायचा काही कळत नाही. काय करू?
— एक मुलगा, डोंबिवली पूर्व

उत्तर: दादा, बायकोचं ऐका. जाऊ नका असं नाही म्हणत मी, पण सरप्राइज देऊ नका.

माझा मोठा मामा पण गिरणीतलाच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यातला तो एक, आणि संप अजून कुणी मागे घेतलेला नाही असं तो आजही सांगतो. तर हा मामा आता दुपारचा गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये एसीत जाऊन बसतो, नातवाला गिरणीची चिमणी दाखवतो, इथे आमचं खातं होतं तिथे पगाराची खिडकी होती असं सगळं सांगतो, मजेत. आणि त्याचाच दोस्त, एकाच पाळीतला, त्या रस्त्याने बस गेली तरी मान दुसऱ्या खिडकीकडे फिरवतो. दोघांचंही बरोबर आहे. तुमचे बाबा ह्यातले कुठले हे तुम्हाला टेबलावर नॅपकिन उलगडल्यावर कळलं तर काय उपयोग? आज रात्री जेवताना सरळ विचारा, बाबा, लोअर परळला कमला मिलमध्ये जेवायला जाऊया का. ते 'बघू' म्हणाले तर त्याचा अर्थ मुलगा म्हणून तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त कळेल. नाही म्हणाले तर फोर्टात, कुलाब्यात, बांद्र्यात जागांना तोटा नाही.

आता टेस्टिंग मेनू. आधी तो काय प्रकार असतो ते सांगते कारण बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे की एवढंसं देऊन उपाशी पाठवतात. तसं नसतं. माणशी एक ठरलेली रक्कम, मेनूकार्डातून निवडायचं काही नाही, शेफ ठरवेल ते आठ-दहा कोर्स एकामागून एक येतात. पहिला एखादा घासभर, मग एखादं आंबट-थंड, मग मासा, मग भाताचं काहीतरी, मध्ये तोंड साफ करायला बर्फाचं सरबतासारखं काहीतरी चमचाभर, मग गोड, आणि गोडावर परत छोटं गोड. ह्याला दोन-अडीच तास, कधी तीनसुद्धा लागतात. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात, इथे तर तुम्ही तीन तास बसलेले असता, त्यामुळे सातव्या कोर्सला माणूस पट्टा सैल करायला लागतो. मी स्वतः केलाय, म्हणजे पट्टा नाही, पण समजून घ्या.

आणि हे सगळं आपल्याला नवीन आहे असंही समजू नका. आपल्या पंगतीत काय होतं? मीठ-लिंबू मध्ये, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आधी वरणभात-तूप, मग पुरी-पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात, हा क्रम कुणी मोडला की आजी डोळे वटारायची. कोर्सच की हे! उलट युरोपातच पूर्वी सगळं एकदम टेबलावर मांडायचे, एकामागून एक वाढायची पद्धत त्यांच्याकडे रशियाकडून आली आणि ती रुळली एकोणिसाव्या शतकात. फरक एवढाच की पंगतीत आग्रह असतो, इथे नसतो. इथे 'अजून एक घ्या हो' म्हणायला कुणी येत नाही आणि आपल्या लोकांना नेमकं तेच खटकतं.

तरीपण तुमच्या बाबांसाठी टेस्टिंग मेनू मला पसंत नाही. ह्या वयाचा माणूस, तीन तास खुर्चीत, दर वीस मिनिटांनी एक पोरगा येऊन इंग्रजीत सांगणार हे काय आहे ते आणि बाबा मान डोलावणार. त्यात माणशी किती हे त्यांना एकदा कळलं की प्रत्येक घासाचा हिशोब मांडतील. त्यापेक्षा आलाकार्टवालं घ्या, म्हणजे जिथे कार्डावरून आपल्याला हवं ते मागवता येतं आणि मध्ये ठेवून चौघांना वाटून खाता येतं. कमला मिलमध्येच बॉम्बे कॅन्टीन आहे, 2015 सालचं, त्यामागे शेफ फ्लॉइड कार्डोझ होते, आपल्या मुंबईत वाढलेला माणूस, न्यूयॉर्कमध्ये नाव काढलं आणि 2020च्या मार्चमध्ये कोविडने गेले. तिथला सगळा भर आपल्याकडच्या भाज्या, मासे, डाळी नव्या तऱ्हेने करण्यावर असतो, त्यामुळे बाबांना ताटात काय आलंय ते ओळखू तरी येईल. ओळखू येणं फार मोठी गोष्ट असते हो त्या वयात.

गुरुवारचं म्हणाल तर तारीख सरकवा. रविवारी दुपारी जा. दुपारी गर्दी कमी आवाज कमी, आणि परतीची शेवटची गाडी पकडायची घाई नाही. दादरला फास्ट सोडून स्लोने करी रोडला उतरा आणि पुढचा रस्ता बाबांना विचारा, गुगल उघडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोन करा. ॲपवर बुकिंग केलंत तरी वर फोन करा आणि सगळं सांगा, लाजू नका. कुणाला डायबेटिस, कुणाला काय चालत नाही, किती वाजता निघायचंय, खुर्ची पाठ असलेली हवी, एसीच्या थेट खाली टेबल नको, सगळं. ह्या लाजेपायी माझी फजिती झालीय म्हणून सांगते. सासूबाईंना पंच्याहत्तरीला एका नावाजलेल्या ठिकाणी नेलं, नाव घेत नाही कारण चूक माझी होती. चातुर्मास होता, त्या कांदा-लसूण-वांगं खात नाहीत, मला माहीत होतं, पण व्हेज टेस्टिंग मेनू घेतलाय म्हणजे झालं असं मी धरून चालले. पहिल्या घासापासून कांदा! तो बिचारा सर्व्हर आत-बाहेर करून दमला, शेवटी त्यांनी जे जमेल ते पाठवलं, उकडलेलं गाजर, उकडलेली फरसबी, वर दोन पानं. सासूबाई एक तुकडा खाऊन म्हणाल्या, छान आहे हो, डिलिव्हरीच्या वेळी नर्सिंग होममध्ये असंच मिळालं होतं. अशा किचनमध्ये एकेका पदार्थाची तयारी दोन-दोन दिवस आधी सुरू होते, ऐनवेळी त्यातला कांदा काढता येत नाही. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर त्यांनी वेगळं काहीतरी सुंदर केलं असतं, ते स्वतःच म्हणाले तसं.

डायबेटिसचं आणखी एक. जेवण लांबतं, पहिला पदार्थ यायलाच अर्धा तास जातो, तर गोळी किंवा इन्शुलिन कधी घ्यायचं हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि बसल्याबसल्या सर्व्हरला सांगा की ह्यांना आधी काहीतरी खायला आणा.

काट्या-चमच्यांचं एका ओळीत सांगते, बाहेरून आत या. जो पदार्थ आधी तो चमचा सगळ्यात बाहेर. चुकलात तर ते मुकाट्याने दुसरा आणून ठेवतात, कुणी परीक्षा घेत नाही. बशी न्यायला हवी असेल तर काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवा. आणि आईला सांगून ठेवा की बशा एकावर एक रचायच्या नाहीत, ती रचणारच, खानावळवाली बाई आहे, पण सांगून ठेवा.

बिलाचं काय कराल? ते टेबलावर येऊच देऊ नका. फोनवरच सांगा की बिल मला वेगळं द्या, आणि गोड आलं की हात धुवायला जातो म्हणून उठा आणि काउंटरवर कार्ड स्वाइप करून या. आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून उडप्यापर्यंत हीच पद्धत आहे, त्यात नवीन काही नाही. किंमत न छापलेलं मेनूकार्ड मिळेल का हेही विचारून बघा, काही ठिकाणी देतात. नसेल तर बाबांच्या हातात कार्ड पडायच्या आधी तुम्हीच ऑर्डर देऊन टाका.

आणि तुमच्या आईबद्दल. गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी किती माणसं जगवली त्याचा हिशोब कुणी ठेवलाय? कार्यकर्त्या प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे बँकेने ह्या बायकांना दारात उभं केलं. तर ह्या बाईला जेवणापेक्षा किचन बघायला आवडेल असं मला वाटतं. जेवण झालं की मॅनेजरला विचारा, आमच्या आईने इतकी वर्षं खानावळ चालवली, तिला दोन मिनिटं किचन दाखवाल का? गर्दी नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात, शेफ लोकांना अशी माणसं आवडतात. गॅस केवढाले, भांडी कोण घासतं, एवढ्या बारक्या बशा धुवायच्या कशा, तिला शंभर प्रश्न असतील. आणि टेस्टिंग मेनूची हौस तुम्हाला असेलच तर पुढच्या वर्षी एकट्या आईला न्या. बाबांना घरी डाळभात.

प्रश्न: हाय ताई, मी 24 वर्षांची, ठाण्यात राहते, पहिलं प्रमोशन झालंय म्हणून तीन मैत्रिणींना बीकेसीमध्ये ट्रीट देतेय. वाइन मागवायची आहे पण त्या लिस्टमधली नावं उच्चारता येत नाहीत. आणि ते थोडीशी ओतून आपल्या तोंडाकडे बघत उभे राहतात तेव्हा नक्की काय करायचं असतं?
— प्रमोशनवाली

उत्तर: अगं अभिनंदन! आधी कायद्याचं, महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 पूर्ण लागतात आणि बाकी दारूला 25, म्हणजे तुला वाइन चालेल पण व्होडकाचं कॉकटेल नाही, ओळखपत्र मागितलं तर तोंड वाकडं करू नकोस.

उच्चाराची काळजीच करू नको. लिस्टवर बोट ठेव. आणि बोट नावावर नाही, किमतीवर ठेव, 'साधारण अशी काहीतरी सांगा ना' म्हण. समोरचा शहाणा असेल तर त्याला बजेट कळतं आणि मैत्रिणींना कळत नाही. सगळ्यात स्वस्त बाटलीपासून जरा वरची घे आणि नाशिकची घ्यायला अजिबात कमीपणा वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे द्राक्षं खायचीच असतात असं लोक म्हणायचे तेव्हा नाशिकला वाइन सुरू झाली, सुला 1999ची, आज तिथली शनॅं ब्लां ही पांढरी वाइन (नाव लिहायलाच भीती वाटते बघ) नारळाच्या रश्श्याबरोबर, तळलेल्या माशाबरोबर छान जाते. तिखट खाणार असाल तर दाट तुरट रेड नको, मिरची अजून भडकते तोंडात. बाटली महाग पडते हे लक्षात ठेव, दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-अडीचपट सहज लावतात, चौघींत एकच बाटली घेणार असाल तर ठीक, नाहीतर ग्लासवर मागवा.

आता ते ओतून उभे राहतात त्याचं. तुला आवडली का हे ते विचारत नसतात. बाटली खराब तर झालेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. बुचामुळे कधीकधी वाइन बिघडते, मग तिला पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हुंगायचं, तसा वास नसला तर मान हलवायची, संपलं. आला तर बिनधास्त सांग, बदलून देतात.

आणि चौघींपैकी एखादी पीत नसेल तर तिला कोक पाजू नका. आजकाल बिनदारूची पेयं पण प्रत्येक कोर्सला जुळवून देतात, कोकम, आंबवलेला चहा, कैरी, असलं काय काय. मला तर ती वाइनपेक्षा जास्त आवडतात, पण हे माझं मत.

प्रश्न: मॅडम, चार जणांचं बिल 15 हजार, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर जीएसटी. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला आमची पॉलिसी आहे. हा टॅक्स सक्तीचा आहे का? भांडलो असतो पण मेहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.
— बोरिवलीचा भाऊ

उत्तर: भाऊ, पहिलं म्हणजे तो टॅक्सच नाही. पूर्वी सर्व्हिस टॅक्स होता तो सरकारचा, 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि तो गेला. सर्व्हिस चार्ज हा रेस्टॉरंट स्वतः लावतं, नावं सारखी म्हणून आपण गप्प बसतो आणि तेही बसू देतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं की हा चार्ज बिलात आपोआप टाकायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तिथे आधी स्थगिती मिळाली, पण 28 मार्च 2025 ला कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर एकेक लाखाचा खर्चही बसवला. प्रकरण पुढे अपिलात गेलंय. तोवर तुम्ही 'हा काढा' असं म्हणू शकता, आणि नाहीच काढला तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, बिलाचा फोटो ठेवा.

तुमचा हिशोब मांडून बघू. 15,000 चं जेवण, 1,500 सर्व्हिस चार्ज, दोन्हींवर मिळून 5 टक्के जीएसटी म्हणजे 825, एकूण 17,325. चार्ज काढला असता तर 15,750. फरक 1,575 चा, त्यात मेहुण्यांना घेऊन दादरला परत एकदा जेवला असतात. हे 5 टक्के साध्या रेस्टॉरंटला. मोठ्या हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के लागतो, म्हणजे त्याच पंधरा हजारांवर 2,700. हे लोकांना माहीतच नसतं. फाइव्ह स्टारमध्ये जायचं ठरवलंत तर हा पाचवा हिस्सा जवळजवळ डोक्यात धरूनच जा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, तो वेगळा छापलेला दिसेल.

आणि ते पाणी 'स्टिल की स्पार्कलिंग', म्हणजे साधं की बुडबुड्यांचं, विचारतात ना, तिथे पण सावध. दोन्ही विकतच्याच बाटल्या असतात, आणि त्यावर छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं म्हणून ओरडून उपयोग नाही, डिसेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने रेस्टॉरंटना तशी मुभा दिलीय, कारण तिथे तुम्ही नुसतं पाणी घेत नाही, जागा आणि सेवाही घेता. 'साधं पाणी चालेल' एवढं म्हणा, आणून देतात.

मात्र एक माझं ऐका. चार्ज काढायला लावलात तर ज्या मुलाने तीन तास वाकून वाढलं त्याच्या हातात रोख काहीतरी ठेवा. पहाटेच्या गाडीने तो पण विरार नाहीतर बदलापूरलाच जातो.

प्रश्न: मुंबईत मिशेलिन स्टारवालं कुठलं रेस्टॉरंट आहे? नवऱ्याला तिथेच न्यायचंय.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: एकही नाही, कारण रेस्टॉरंटना हे स्टार देणारी मिशेलिनची गाइड भारतात निघतच नाही. इंस्टावर कुणी 'मिशेलिन स्टार' लिहिलं असेल तर बहुतेक शेफने परदेशात कुठेतरी तशा किचनमध्ये काम केलेलं असतं. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटची एक यादी दरवर्षी निघते, त्यात महालक्ष्मीचं 'मास्क' नावाचं रेस्टॉरंट असतं. शक्ती मिल लेनमध्ये, जुन्या लोकरीच्या गिरणीत, 2016 पासून. ते टेस्टिंग मेनूवालं आहे, पैसे आणि संध्याकाळ दोन्ही मोकळी ठेवून जा. फोर्टात किताब महलमध्ये 'एका' नावाचं रेस्टॉरंट आहे, तेही बघा.

प्रश्न: हाताने खाल्लं तर चालतं का?
— अंबरनाथ

उत्तर: चालतं. पापलेटाचा काटा काट्याने काढणारा माणूस मला अजून भेटायचाय.

प्रश्न: साडी नेसून गेलं तर काकूबाई वाटेल का? आणि फोटो काढलेले चालतात का?
— दहिसर

उत्तर: इरकल नेसा, नारायणपेठ नेसा, मस्त दिसतं. ड्रेस कोड असला तर तो बहुतेक पुरुषांच्या हाफ पँट आणि चपलांपुरता असतो. फोटो काढा पण फ्लॅश नको, आणि गरम पदार्थ गरम असताना खा, आइस्क्रीम वितळेपर्यंत अँगल शोधणाऱ्या बाईच्या शेजारी मी एकदा बसले होते आणि तिच्यापेक्षा मलाच जास्त दुःख झालं.

प्रश्न: तुमचं सदर नेमाने वाचतो पण हल्ली तुम्ही श्रीमंतांची जाहिरात करताय असं वाटतं. माणशी पाच हजार म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात नाहीतर गोमंतकात पूर्ण कुटुंब दोनदा जेवेल आणि मासाही ताजा. बोंबलावर फेस घालून बोंबील बदलतो का?
— एक निवृत्त वाचक, दादर

उत्तर: काका, दोनदा जेवेल, आणि मी पण तिथेच जेवते. बोंबील पण बदलत नाही. फेसाचं म्हणाल तर मलाही तो बहुतेक वेळा साबणासारखाच वाटतो, त्यात तुमच्यामाझ्यात भांडण नाही.

पण एक सांगू का, 1999 मध्ये शेफ राहुल आकेरकरांनी कुलाब्यात मांडलिक रोडवरच्या बंगल्यात इंडिगो रेस्टॉरंट काढलं तोपर्यंत मुंबईत असं खास जेवायचं म्हणजे पंचतारांकित हॉटेलच, आणि तिथे आपल्याकडचं म्हणून काय मिळायचं तर बटर चिकन आणि काळी डाळ. अंबाडी, टाकळा, तिसऱ्या, त्रिफळं, फणसाच्या आठळ्या हे सगळं घरातलं, गरिबाचं, पाहुण्याला न वाढायचं. आज त्याच आठळ्या पांढऱ्याशुभ्र बशीत येतात आणि पंचविशीतला पोरगा चाखून म्हणतो हे काय आहे, आजी करायची का हे? माझ्या भाच्याने असंच विचारलं आणि पुढच्या मे महिन्यात स्वतः कोकणात जाऊन आठळ्यांची पिशवी घेऊन आला. किंमत जास्तच आहे, त्यात वाद नाही. जागेचं भाडं, एकेका टेबलामागची माणसं, आणि तीस-चाळीस खुर्च्यांत सगळं वसूल करायचं असतं. म्हणूनच तर हल्ली बुकिंगलाच ॲडव्हान्स घेतात आणि ऐनवेळी न गेलं तर परत देत नाहीत, कारण तुमच्या नावाचा मासा सकाळीच आणलेला असतो.

तुम्ही जाऊ नका, काका. पण मुलगा नेईन म्हणाला तर एकदा जा, आणि मग मला परत पत्र लिहून झोडा.

प्रश्न: मी 58 वर्षांची. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी कॅनडात. दर वाढदिवसाला आम्ही दोघं बाहेर जेवायला जायचो. ह्या वर्षी एकटीने कुठेतरी छान ठिकाणी जावंसं वाटतंय. विचित्र दिसेल का? लोक बघतील का?
— विलेपार्ले पूर्व

उत्तर: जरूर जा हो. लोक पाच सेकंद बघतात, मग त्यांचं जेवण येतं.

फोन करताना 'एकटीच आहे' असं म्हणू नका, नुसतं 'एक' म्हणा. किचनसमोर काउंटर असतो अशा ठिकाणी काउंटरची जागा मागा, समोर शेफ लोकांचे हात चाललेले दिसतात, तास कसा जातो कळत नाही, आणि ते मधूनमधून बोलतात पण, हे चाखून बघा ते चाखून बघा. काउंटर नको वाटला तर खिडकीजवळचं टेबल मागा आणि दाराजवळचं किंवा टॉयलेटच्या वाटेवरचं दिलं तर बदलून घ्या, एकट्या बाईला नेमकं तेच देतात, मी दोनदा उठून बदलून घेतलंय. टेस्टिंग मेनूला काही जागा एका माणसाचं बुकिंग घेत नाहीत, ते आधी विचारा. आलाकार्ट असेल तर अर्धा पोर्शन देता का विचारा, म्हणजे तीन-चार गोष्टी चाखता येतील, आणि उरलं तर डब्यात भरून मागा, देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाढदिवस आहे हे मात्र सांगायचं का नाही ते ठरवून ठेवा. सांगितलंत तर मेणबत्ती लावून चौघं गाणं म्हणायला येतील. मिस्टरांना आवडायचं का हो गाणं?